टर्मिनलवर दोन तारखा, दोन वेळा कशा ताडून पाहाव्यात

कोणती तारीख आधीची आणि कोणती नंतरची, हे शेलला, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, कळत नाही. त्याच्या लेखी तारीख म्हणजे नुसती अक्षरे. म्हणून दोन्ही तारखा आधी सेकंदांत न्यायच्या आणि मग आकडे ताडायचे. हे सेकंद १ जानेवारी १९७० च्या यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) मध्यरात्रीपासून मोजतात.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन अंकांतच टाइप करा. लिनक्सवर:

डेट -यू -डी "२०२४-०२-२८" +%एस

उत्तर १७०९०७८४०० येते. "२०२४-०३-०१" दिल्यास १७०९२५१२००. फरक १७२८०० सेकंद. ८६४०० ने भागले की २ दिवस, म्हणजे लीप वर्षाचा २९ फेब्रुवारी बरोबर धरला गेला. शेवटचा एस लहान हवा. मोठा एस टाकला तर दिलेल्या वेळेच्या मिनिटातले फक्त सेकंद मिळतात (इथे ००), एररही येत नाही, आणि पुढचा सगळा हिशेब चुकतो.

दोन्ही आकडे ए आणि बी या व्हेरिएबलमध्ये ठेवून तुलना अशी करा:

[ "$ए" -एलटी "$बी" ]

-एलटी म्हणजे 'पेक्षा लहान'. इथे त्याऐवजी < लिहायचा मोह आवरा. एकेरी कंसात शेल त्या चिन्हाचा अर्थ 'फाइलमधून वाच' असा घेतो, आणि > लिहिले तर बी च्या किमतीच्याच नावाची रिकामी फाइल तयार होते. दुहेरी कंसात ही चिन्हे चालतात, पण तिथे तुलना अक्षरांची होते. वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, शून्ये भरून लिहिलेल्या तारखांना तेवढी पुरते.

मॅकवरची डेट कमांड वेगळ्या घराण्यातली आहे, तिथे तारीख वाचायला साचा द्यावा लागतो:

डेट -जे -यू -एफ "%एफ %टी" "२०२४-०२-२८ ००:००:००" +%एस

पर्यायातला एफ लहान, साच्यातले एफ आणि टी मोठे. वेळ गाळू नका. साच्यात नसलेले तास-मिनिटे ही कमांड चालू घड्याळातून भरते, त्यामुळे तीच तारीख सकाळी एक आकडा देते आणि दुपारी दुसरा.

आता -यू बद्दल, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. हा पर्याय यूटीसीने हिशेब करायला लावतो; तो नसेल तर मशीनच्या स्थानिक वेळेने हिशेब होतो. ज्या टाइमझोनमध्ये घड्याळ पुढे-मागे करतात, तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा असतो. २३ तास म्हणजे ८२८०० सेकंद. ८६४०० ने भागले की शेल अपूर्णांक टाकून देतो आणि शून्य दिवस दाखवतो. नुसते दिवस मोजायचे असतील तर दोन्हीकडे -यू लावा. एकीकडे लावून दुसरीकडे विसरणे सर्वात वाईट.

लिनक्सची डेट तारीख वाचताना फार उदार आहे, आणि ते त्रासाचे ठरते. "०३/०४/२०२४" ती ४ मार्च समजते, ३ एप्रिल नव्हे. "२०२४-०१-३१ +१ मंथ" दिल्यास ३१ फेब्रुवारी नसल्याने २ मार्च मिळतो. "१०:०० +२ अवर्स" मध्ये +२ हा टाइमझोन धरला जातो; म्हणून भर घालायची असेल तेव्हा आधी वेळ सेकंदांत आणा आणि ७२०० मिळवा. रिकामी स्ट्रिंग दिली तर एरर येत नाही, आजची मध्यरात्र मिळते. स्क्रिप्टमध्ये व्हेरिएबल रिकामे नाही ना, हे डेटला देण्याआधीच तपासा.

तारखेतून महिना कापून त्यावर गणित करत असाल तर ०८ आणि ०९ वर बॅश (एक प्रचलित शेल) अडेल: आधी शून्य असलेला आकडा तो अष्टमान पद्धतीचा मानतो, आणि तिथे ० ते ७ एवढेच अंक असतात. आकड्यापुढे १०# लावले की काम होते.

फाइलींच्या वेळा ताडायला डेट लागतच नाही. [ पहिली -एनटी दुसरी ] हे पहिली फाइल अधिक अलीकडे बदललेली असेल तर खरे ठरते. बॅशमध्ये दुसरी फाइल अस्तित्वातच नसेल तरीही. एका तारखेनंतर बदललेल्या सगळ्या फाइली हव्या असतील तर फाइंड . -न्यूअरएमटी "२०२४-०३-०१" वापरा. मात्र साध्या सीपी ने केलेल्या प्रतीला कॉपी केल्याची वेळ लागते, मूळ वेळ टिकवायला सीपी -पी हवे.