गाडीतलं बिऱ्हाड: चौघांना बाराही महिने राहता येईल अशी कॅरव्हान कशी मांडावी

गाडीचं घर करायचं ठरलं की बहुतेक जण आधी पडदे, दिवे आणि गादीचं कापड बघायला लागतात. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात वर्षभर गाडीत राहायचं असेल तर क्रम उलटा धरा: आधी ओल, मग वजन, मग पाणी आणि वीज. सजावट सगळ्यात शेवटी. कणकुंबी-जांबोटीकडे जूनपासून पावसाची झड लागते, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. एकाच गाडीला हे दोन्ही सोसायचं असतं.

पुढचं सगळं दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं धरून लिहिलं आहे. गाडी म्हणजे उंच छताची मोठी व्हॅन किंवा मिनीबस. त्याहून लहान गाडीत चौघं सुट्टीपुरती राहतील, संसार होणार नाही.

१. सुतार बोलावण्याआधी आरटीओ

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करायला आरटीओची परवानगी लागते. सीटा काढून पलंग बसवणं हा तसाच बदल आहे. आधी विचारा, काय मान्य होईल ते लेखी घ्या, मग काम काढा. विमा कंपनीलाही बदल कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा पुढे येतो.

सीमाभागातल्या घरांचा आणखी एक प्रश्न असतो. गाडी मामांच्या नावावर कोल्हापूर पासिंगची, एमएच ०९, आणि बिऱ्हाड कायम बेळगावात. कलम ४७ प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. जिथे वर्षातला जास्त काळ राहणार तिथलंच पासिंग सुरुवातीला केलेलं बरं. केए २२ बेळगावचा, केए २३ चिकोडीचा.

२. ओल: सगळ्यात जास्त पैसा आणि डोकं इथे लावा

चार माणसांचा श्वास, दोन वेळचा स्वयंपाक आणि आंघोळ यांतून दिवसाला कित्येक लिटर पाणी वाफ होऊन आतल्या हवेत जातं. घरात ते दारं-खिडक्यांतून निघून जातं. बंद गाडीत ते थंड पत्र्यावर जाऊन बसतं. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसा गाडीच्या पत्र्याला आतून फुटतो. जुलैत जांबोटीला पहाटे उठून खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवलंत तर बोट निथळतं. हे पाणी पॅनेलच्या मागे उतरलं की प्लाय फुगतो, गादीला बुरशी धरते आणि मुलांचा खोकला काही केल्या हटत नाही.

म्हणून आतला प्लाय ठोकण्याआधी पत्र्याला चिकटून २० ते २५ मिलिमीटर जाडीचा, पाणी न शोषणारा फोम लावा. नायट्राइल रबराचा किंवा एक्सएलपीईचा (एक प्रकारचं पॉलिथिलीन) फोम चालतो. ग्लासवूल नको, ते ओलं झालं की वाळत नाही. थर्माकोल स्वस्त पडतो, पण गाडी हलली की करकरतो आणि त्याचा चुरा होतो. पत्र्याला आतून ज्या लोखंडी फासळ्या असतात त्यांच्यावरही फोम हवाच. कामगार त्या सोडून देतात आणि घाम नेमका तिथेच धरतो. हे काम चालू असताना तिथे उभे राहा. प्लाय आयएस ७१० दर्जाचा, म्हणजे मरीन, घ्या. कापलेल्या कडांना प्राइमर मारून मगच बसवा.

नुसता फोम लावून भागत नाही, हवा बाहेर गेली पाहिजे. चुलीच्या वर छतात बाहेर फेकणारा पंखा बसवा आणि समोरच्या बाजूला, खालच्या अंगाला, पावसाचं झाकण असलेली एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. भात शिजताना पंखा चालू, आणि शिजल्यावरही थोडा वेळ चालू. भर पावसात खिडकी उघडी ठेवायला जीव धजत नाही, पण बाहेरची हवा ओली असली तरी आतल्या वाफेपेक्षा ती बरी.

पलंगाचा तळ सलग फळीचा नको, पट्ट्यांचा करा. गादी रोज सकाळी उभी करून ठेवा. ओल्या छत्र्या, रेनकोट आणि चपलांसाठी दाराशीच खाली ट्रे असलेला एक कोपरा राखा. त्याच्या पुढे ओला पाय येणार नाही हा नियम पाहुण्यांनाही सांगा. कपडे न्हाणीत दोरीवर टाका, दार लावा, तिथला पंखा सोडा. पलंगावर वाळत घातलेला एक ओला टॉवेल रातभरात सगळी गाडी दमट करायला पुरतो.

धान्यही याच हिशोबात धरा. पावसाळ्यात जोंधळ्याचं पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, दमट हवेत ते लवकर कडवट होतं. शेंगदाणे भाजून, गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात.

३. वजन

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २०० लिटरची टाकी भरली की दोन क्विंटल वाढले, आणि त्यावर प्लाय, बॅटऱ्या, डबे, माणसं. टाकी आणि बॅटऱ्या जमिनीलगत, दोन चाकांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना तोलून बसवा. छताच्या कॅरिअरवर हलकंच सामान.

या बाबतीत आपला भाग सोयीचा आहे. उसामुळे वजनकाटे जागोजागी आहेत. सगळं भरून, सगळ्यांना बसवून गाडी काट्यावर न्या. आरसीवर लिहिलेल्या एकूण वजनाशी आकडा ताडून बघा. मग पुढची चाकं आणि मागची चाकं वेगवेगळी तोला. आकडा वर गेला तर सामान उतरवा. घाटात ब्रेक तापल्यावर हा हिशोब करता येत नाही.

टाकीच्या चौकटी, पलंगाचे पाय, गॅसची पेटी ही कामं बेळगावच्या उद्यमबागेत करून घ्या. फौंड्री आणि मशीनशॉपच्या त्या वसाहतीत एकच ब्रॅकेटसुद्धा मापात करून देणारे कारागीर सापडतात. कागदावर रेखाटन आणि मिलिमीटरमध्ये मापं नेली की काम सरळ होतं.

४. पाणी, न्हाणी, संडास

काटकसरीने चौघांना दिवसाला ८० ते १०० लिटर लागतं. म्हणजे २०० लिटरची टाकी दोन दिवस चालते. टाकी खाण्याच्या दर्जाच्या प्लास्टिकची आणि अपारदर्शक हवी, उजेड लागला की शेवाळ धरतं. पाणी कुठलंही असो, पिण्याचं वेगळं गाळा आणि निर्जंतुक करा. उन्हाळ्यात अथणी, रायबागकडे मुक्काम असेल तर गावात शिरण्याआधी टाकी भरून घ्या. ज्या गावाला स्वतःलाच पाणी पुरत नाही तिथे नळ मागू नये.

सांडपाण्याची वेगळी टाकी लावाच. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादईही खानापूर तालुक्यातलीच. ज्या ओढ्याचं पाणी पुढे इतकी गावं पितात त्यात आपला साबण सोडायचा नाही. संडासाला कॅसेटचा, म्हणजे बाहेर काढून रिकामी करता येणाऱ्या टाकीचा, प्रकार सोपा. कॅसेट १८-२० लिटरची असते आणि चौघांत दोन-तीन दिवसांत भरते, मग सेप्टिक टँक असलेल्या संडासातच रिकामी करायची. रानात, नाल्यात कधीच नाही.

५. चूल आणि वीज

भाकरीसाठी गॅसच ठेवा. इंडक्शन १,८०० वॅटवर चालवलं तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १४० अँपिअरच्या वर प्रवाह ओढला जातो. चौघांच्या भाकऱ्या होईतो बॅटरी दमते. भाकरी थापायला ओटा कंबरेच्या उंचीचा आणि निदान दीड हात मोकळा हवा. परात घट्ट बसावी म्हणून ओट्याच्या कडेला बोटभर उंच काठ करून घ्या. रोज भाकरी करणारं माणूस ओट्यासमोर उभं करूनच उंची ठरवा.

सिलिंडर ५ किलोचा, उभा, बाहेरून उघडणाऱ्या स्वतंत्र पेटीत. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तळाशी साचते, म्हणून पेटीला तळातच भोक हवं आणि गळती ओळखणारा अलार्म जमिनीजवळ. गाडी चालताना रेग्युलेटर बंद. झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि दाराशी आग विझवण्याचा सिलिंडर. गाडीच्या न्हाणीत गॅस गीझर लावू नका, आणि थंडीत ऊब म्हणून कोळशाची शेगडी आत घेऊ नका. बंद जागेत या दोन्हींनी कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात.

विजेचा हिशोब असा: १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज ५० वॅटचा, निम्मा वेळ चालला तर ६०० वॅट-तास. २० वॅटचे दोन पंखे दहा तास, ४००. लॅपटॉप २४०, दिवे १००, मिक्सर ७५. बेरीज १,४०० च्या थोडी वर, आणि तोटा धरून १,६००. १२.८ व्होल्ट १०० अँपिअर-तासाच्या दोन लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या मिळून २,५६० वॅट-तास देतात, तेवढ्यात दिवस निभावतो. छतावरचं ४०० वॅटचं सोलर फेब्रुवारीत हे भरून काढतं, जुलैत नाही. म्हणून इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर आणि पाहुणेघरी जोडायला १५ अँपिअरची वायर, दोन्ही लागतात.

६. प्रत्येकाला आपली जागा

गाडी घरासारखी वाटायला लागते ती इथून. प्रत्येकाला एक झाकणाचा खोका, हाताला येईल अशा उंचीवर एक खुंटी, उशाशी एक दिवा. धाकट्याची खुंटी धाकट्याच्या उंचीवर लावा, म्हणजे दप्तर आपोआप जागेवर जातं. मुलांच्या पलंगाला पडदा हवा. वयात येणाऱ्या मुलीला तो फार मोलाचा असतो. देव्हारा छोटा, भिंतीला स्क्रूने पक्का. गाडी चालू असताना सगळे पट्टा लावून सीटवर, पलंगावर कोणी नाही.

सगळ्यांनी एकत्र जेवायला घडीचं टेबल करा. जेवण आटोपलं की तीच अभ्यासाची जागा. चौघांपैकी कोणाला राग आला तर जाऊन बसायला गाडीबाहेर एक ताडपत्रीचा मांडव आणि दोन खुर्च्या असू द्या. पावसाळ्यात तोच सोपा, तीच ओसरी.

७. मुक्काम

खानापूरकडे जांभ्याच्या लाल कडक जमिनीवर गाडी निवांत उभी राहते. गोकाक, सौंदत्तीकडे काळ्या रानात एका पावसात चाकं रुततात, तिथे मुरुमाची किंवा डांबरी जागाच बघा. गाडी सपाट करायला लाकडी ठोकळे बरोबर ठेवा. शेतात थांबायचं तर मालकाला आधी विचारायचं. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय रात्र काढायची नाही. पावसाळ्यात चोर्ला, आंबोलीकडे निघण्याआधी घाट मोठ्या गाड्यांना खुला आहे का याची चौकशी करा.

८. शाळा आणि पत्ता

मुलं लहान असतील तर शाळेच्या दिवसांत गाडी एकाच गावात, शाळेच्या जवळ. फिरणं सुट्टीत. कायम फिरायचंच असेल तर एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था) मुक्त शिक्षणाचा मार्ग आहे, पण त्यात शिकवायची जबाबदारी आईबापावर येते हे समजून घ्या. आधार, मतदारयादी, बँक यांना स्थिर पत्ता लागतो. गावच्या घराचा पत्ता ठेवा आणि तिथे टपाल घेणारं कोणीतरी ठरवून ठेवा.

९. घर सोडण्याआधीची तालीम

सामान हलवण्याआधी भर जुलैत आपल्याच दारात गाडी उभी करून चौघांनी तिच्यात राहा. स्वयंपाक, आंघोळ, झोप, अभ्यास सगळं आत, घरात पाऊल नाही. भिंतीला एक वही टांगा. कुठे डोकं आपटलं, कुठला डबा रोज तीनदा काढावा लागतो, कुठल्या कोपऱ्यात पाणी धरलं, पंप रात्री कोणाला जागं करतो, जे सुचेल ते ज्याने त्याने लिहायचं, मुलांनीसुद्धा. ती वही घेऊन पुन्हा उद्यमबागेत जा. पडद्याचं कापड त्यानंतर.