पती-पत्नी आणि नादारीचा अर्ज : आधी सह्या तपासा

कर्जापायी नादारीचा, म्हणजे कर्ज फेडण्यास असमर्थ असल्याचे न्यायालयाकडून जाहीर करून घेण्याचा, अर्ज करण्याचा विचार दोघांच्या मनात आला असेल, तर वकिलाकडे जाण्यापूर्वी सगळी कर्जे एका वहीत उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकासमोर मूळ करारावर सही कोणाची आहे, ते लिहावे. लग्न झाले एवढ्यावरून पतीचे कर्ज पत्नीच्या माथी येत नाही. ते येते सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून केलेल्या सहीमुळे. गृहकर्जावर बहुधा दोघांच्या सह्या असतात. पतसंस्थेच्या कर्जाला ‘नुसती सही’ म्हणून जामीन राहिल्याची आठवण मात्र अनेकांना नोटीस हाती पडल्यावरच होते.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेचा व्यक्तींसाठीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू झाला. त्यामुळे इतरांना मुंबईत १९०९ च्या कायद्याखाली उच्च न्यायालयात आणि उर्वरित महाराष्ट्रात १९२० च्या नादारी कायद्याखाली जिल्हा न्यायालयात जावे लागते. किमान कर्जाची अट आजही ५०० रुपयांचीच आहे, यावरून कायद्याचे वय कळावे.

नादारी ही व्यक्तीची असते, कुटुंबाची नव्हे. पतीला न्यायालयाने कर्जमुक्त केले, तरी त्याच करारावर सही केलेली पत्नी मुक्त होत नाही, आणि धनको (कर्ज देणारा) उरलेली रक्कम तिच्याकडे मागू शकतो. म्हणून दोघांच्या सह्यांची कर्जे तडजोडीने आधी मिटवता येतात का, हे पाहावे. लोकअदालतीचा मार्गही आहे, आणि पत्नीला तिचे उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. तारण ठेवलेले घर अर्जाने वाचेल, या भरवशावर मात्र राहू नये, कारण तारणावरील बँकेचा हक्क तसाच राहतो.

घाबरून जाऊन फ्लॅट पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात. तो ऐकू नये. अशा हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर नादारी जाहीर झाली, तर ते रद्द होऊ शकते आणि अर्जदाराच्या प्रामाणिकपणावरच शंका येते.

मुळात कायदाच काही गोष्टींना हात लावू देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धार्मिक रिवाजानुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र, जप्त होत नाहीत. भविष्य निर्वाह निधीलाही संरक्षण आहे. साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात (पैसे देण्याच्या न्यायालयीन आदेशात) पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. ३१,००० रुपये पगार असेल, तर महिना १०,००० रुपयांपर्यंतच जप्ती होऊ शकते. पत्नीचे स्त्रीधन तिच्या स्वतःच्या मालकीचे असल्याने पतीच्या मालमत्तेच्या यादीत ते घालू नये, मात्र दागिन्यांच्या पावत्या किंवा लग्नातील फोटो हाताशी ठेवावेत.