रात्री फोन नुसता पडून, तरी सकाळी बॅटरी २० टक्क्यांनी कमी

लक्षण: अँड्रॉइड, दोन सिम. झोपताना १०० टक्के, सकाळी ८० च्या आसपास. दिवसा वापरताना मात्र फारसा त्रास नाही.

ब्राइटनेस कमी केला, डार्क मोड लावला, ॲप्स उडवली, शेवटी फोन रीसेटही मारला. फरक शून्य, डोक्याला ताप तेवढा झाला.

मग चोर ॲप आहे की नेटवर्क, हे आधी वेगळं केलं. एका रात्री एअरप्लेन मोड लावून वायफाय चालू ठेवलं. बॅटरी जेमतेम तीन-चार टक्के उतरली. ॲप्सना इंटरनेट होतंच, म्हणजे खाणारं मोबाइल नेटवर्क. दुसऱ्या सिमला घरात रेंजच नाही आणि फोन रात्रभर त्या सिमचा टॉवर शोधत बसतो.

उपाय, याच क्रमाने:
१. सेटिंग्जमध्ये सिमचं पान उघडा, दुसरं सिम निवडून बंद करा. कार्ड काढायची गरज नाही.
२. पहिल्या सिममध्ये 'प्रिफर्ड नेटवर्क टाइप' ५जी ऐवजी ४जी करा. आमच्याकडे ५जीची एकच कांडी येते-जाते. व्होल्टी (४जीवरूनच कॉल लावायची सोय) चालूच राहू द्या, नाहीतर कॉल अडू शकतात.
३. फोन रीस्टार्ट.
४. पुन्हा १०० टक्के करून रात्रभर ठेवा, सकाळचा आकडा पाहा.

माझा आता ९५ च्या खाली जात नाही. बँकेचा ओटीपी बंद केलेल्या सिमवर येत असेल तर तेवढ्यापुरतं रेंजमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं.