फ्रीज थंड करत नाहीये? मेकॅनिकला फोन करायच्या आधी एवढं बघून ठेवा

मागच्या मे महिन्यात आमच्या डबल डोअर फ्रीजमधलं दूध सलग दोन दिवस नासलं. मी घाबरून लगेच मेकॅनिकला फोन लावला आणि "फ्रीज बंद पडलाय" एवढंच सांगितलं, तो आला, खालच्या कप्प्यात हात घालून बघितलं आणि म्हणाला गॅस संपलाय. भरून घेतला. आठ दिवस बरं चाललं आणि परत तेच. मग दुसऱ्याला फोन केला, त्याने यायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "ताई, वर फ्रीझरमध्ये बर्फ होतोय का?" उघडून बघितलं तर ट्रेमधला बर्फ दगडासारखा घट्ट. गॅस पूर्ण गेला असता तर वर बर्फ झालाच नसता ना! फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड कॉइल असते, तिच्यावर साचणारा बर्फ वितळवणारा हीटर जळला होता, त्यामुळे कॉइल बर्फाने भरून गेलेली आणि पंख्याची हवा खाली येतच नव्हती. पहिल्या वेळी गॅस भरताना फ्रीज चार-पाच तास बंद होता, तेवढ्यात तो बर्फ वितळला, म्हणून आठ दिवस चालला. हे मला आधी माहीत असतं तर पहिल्याच दिवशी निस्तरलं असतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, दुरुस्ती आपल्याला येत नसली तरी चालेल पण माहिती आपणच गोळा करायची, कारण फ्रीजजवळ दिवसभर आपण असतो, मेकॅनिक पंधरा मिनिटं.

सगळ्यात आधी फ्रीजला करंट येतोय का ते बघा. दार उघडल्यावर आतला लाइट लागतो का? नसेल लागत तर त्याच सॉकेटला इस्त्री किंवा मिक्सर लावून बघा, एमसीबी (मीटरच्या बोर्डवरचा स्विच) पडलाय का बघा, बऱ्याचदा गोष्ट इथेच संपते. स्टॅबिलायझर असेल तर त्यावरचा आकडा लिहून ठेवा, सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा, कारण आपल्याकडे सप्लाय २३० व्होल्टचा असला तरी उन्हाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचे एसी सुरू झाले की काही भागात तो बराच खाली येतो आणि मग कॉम्प्रेसर (गॅस फिरवणारा मागचा पंप) सुरूच होत नाही. आणि हो, जळल्याचा वास येत असेल किंवा हात लावल्यावर झटका बसत असेल तर पुढचं काहीही तपासू नका, मेन स्विच बंद करा, प्लग काढा आणि तेवढंच फोनवर सांगा.

मग वर आणि खाली वेगवेगळं बघा. हे मी परत परत सांगणार कारण आमचे पैसे इथेच गेले. वर बर्फ होतोय पण खाली गरम, की दोन्हीकडे गरम, की खाली इतकं थंड की भाजीच्या कप्प्यातली कोथिंबीर गोठतेय? तिन्हीची कारणं वेगळी असतात. नुसता हात लावून नीट कळत नाही, त्यापेक्षा पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर मधल्या कप्प्यात राहू द्या आणि सकाळी उघडल्या उघडल्या आकडा बघा (ताप मोजायचा चालणार नाही, तो इतकं कमी दाखवत नाही). खाली साधारण ३ ते ५ डिग्री आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास असायला हवं.

आता आवाज. रात्री घर शांत झालं की फ्रीजजवळ दहा मिनिटं बसा, घड्याळ समोर ठेवून. घुर्र करून काही सेकंदांत 'टक' होतं आणि सगळं गप्प, मग थोड्या वेळाने परत घुर्र, परत टक, असं होत असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय पण होत नाहीये, तिथे रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच), व्होल्टेज किंवा खुद्द कॉम्प्रेसर यातलं काहीतरी असतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा, मेकॅनिक आला की नेमका आवाज येत नाही हा सगळ्यांचाच अनुभव आहे. इन्व्हर्टर फ्रीजचा (ज्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो) आवाज बारीक आणि बराच वेळ चालू असतो, तो बिघाड नाही. बाजूच्या पत्र्यालाही हात लावून बघा, बऱ्याच नव्या फ्रीजमध्ये उष्णता तिथूनच बाहेर पडते, कॉम्प्रेसर तासभर चालू आहे आणि पत्रा मात्र गारच, तर मग गॅसची शंका घ्यायला जागा आहे. पण गॅस वापरून संपणारी गोष्ट नाही, तो बंद नळ्यांमध्येच फिरत राहतो, गेला म्हणजे कुठेतरी लीक आहे. त्यामुळे "भरतो" म्हणाला तर "लीक कुठे सापडलं?" हे विचाराच.

दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढून बघा, सहज निघून आला तर रबर सैल झालंय.

बिघाडाच्या आधी काय बदललं तेही आठवा. घर शिफ्ट केलं, फ्रीज भिंतीला चिकटवला, गणपतीत पाहुण्यांसाठी ठासून भरला, पावसाळ्यात कोणी नॉब कमी केला, लाइट सारखी ये-जा करत होती, मागे पाल किंवा उंदीर दिसला, काहीही असेल. सिंगल डोअरवाल्यांनो, फ्रीझरमधला बर्फ सुरीने खरवडला असेल तर लाजू नका, स्पष्ट सांगा, त्या पत्र्यातच गॅसची नळी असते आणि सुरीचं टोक लागून तिला भोक पडतं. हे लपवलं तर मेकॅनिक भलतीकडेच शोधत बसतो.

मॉडेल नंबर आणि सिरीयल नंबरचा स्टिकर आतल्या भिंतीवर किंवा मागे असतो, त्याचा आणि बिलाचा फोटो काढून ठेवा. बऱ्याच फ्रीजमध्ये कॉम्प्रेसरची वॉरंटी बाकी फ्रीजपेक्षा कितीतरी जास्त वर्षांची असते, बिल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पॅनेलवर काही कोड लुकलुकत असेल तर त्याचाही फोटो, कारण लाइट गेली की काही वेळा तो पुसला जातो.

मग फोनवर असं सांगा, "डबल डोअर, फ्रॉस्ट फ्री, सहा वर्षं जुना, वर बर्फ होतोय, खाली १४ डिग्री, तीन दिवसांपासून, कॉम्प्रेसर चालू आहे, व्होल्टेज २२५." (फ्रॉस्ट फ्री म्हणजे बर्फ आपोआप वितळवणारा फ्रीज.) समोरचा लगेच ओळखतो काय असेल ते आणि पार्ट सोबत घेऊनच येतो.

आणि तो येईपर्यंत फ्रीज बंद करून धुवायला घेऊ नका. दूध, इडलीचं पीठ, घरात कोणाचं इन्सुलिन असेल तर ते सगळ्यात आधी, शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवा, पण वास किंवा झटका नसेल तर फ्रीज आहे तसाच चालू राहू द्या. आतला बर्फ कुठे आणि किती साचलाय हेच त्याला बघायचं असतं, आणि ते वितळून गेलं की आमच्यासारखे आणखी आठ दिवस जातात.