एसी गार, पण हवा शिळी
स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच गार करून फिरवतो. दारं-खिडक्या लावून झोपलं की सकाळी डोकं जड होतं ते त्यामुळेच. थर्मोस्टॅट 24 वरून 20 वर नेऊन यात काडीचा फरक पडत नाही, बिल तेवढं वाढतं. नाशिकला उन्हाळ्यातही पहाट गार असते, तिचा फायदा घ्या. एसीच्या टायमरला पाचला बंद व्हायची वेळ द्या आणि बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनला टायमर लावून तो त्याच वेळी अर्धा तास चालू ठेवा. झोपतानाच बेडरूमच्या खिडकीची काच बोटभर सरकवून ठेवा (जाळी मात्र लावलेली हवी, डास काही झोपत नाहीत). खिडकी बंद असली तर फॅन नुसता घरघरतो. अगरबत्ती धरून बघा: धूर बाथरूमकडे ओढला गेला की जमलं.