एक सेल, एक वायर, एक बल्ब: विद्युत परिपथ हाताने समजून घेण्याची रीत

टॉर्चचा एक बल्ब, दीड व्होल्टचा एक सेल आणि वीतभर वायरचा एकच तुकडा देऊन बल्ब लावायला सांगितले, तर वहीत परिपथाची अचूक आकृती काढणारी मुलेही बहुधा अडखळतात. ती सेलच्या टोपीपासून बल्बच्या बुडापर्यंत वायर नेतात आणि बल्ब लागण्याची वाट पाहत राहतात. आकृतीतल्या बल्बला दोन टोके असतात हे त्यांना पाठ असते, परंतु हातातल्या बल्बचे दुसरे टोक कोठे आहे हे त्यांनी कधी निरखलेले नसते. म्हणून सूत्रे आणि चिन्हे मागाहून शिकवावीत आणि आधी हा एक बल्ब लावायला द्यावा, असे माझे ठाम मत आहे.

साहित्य असे घ्यावे: १.५ व्होल्टचा मोठ्या आकाराचा सेल, २.५ व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचे दोन सारखे, आटे असलेले बल्ब आणि तांब्याच्या वायरचे तीन-चार तुकडे. बल्ब एलईडीचा नसावा. आत बारीक तार दिसते तोच हवा. वायरच्या दोन्ही टोकांवरील प्लॅस्टिक सुमारे दोन सेंटिमीटर सोलून आतील तारा पिळून घ्याव्यात. सेलची दोन टोके नुसत्या वायरने थेट जोडू नयेत, कारण तसे केल्यास वायर आणि सेल दोन्ही तापतात. मोबाइलची लिथियम बॅटरी या प्रयोगांसाठी वापरू नये, आणि घरातल्या २३० व्होल्टच्या प्लगजवळ तर यातील काहीही नेऊ नये.

आता बल्ब डोळ्यांजवळ धरून नीट पाहावा. बुडाशी सोल्डरचा एक ठिपका असतो, त्याच्याभोवती वीज न वाहून नेणाऱ्या पदार्थाचे कडे असते आणि त्यापलीकडे आटे असलेला धातूचा भाग असतो. काचेच्या आतील बारीक तारेचे एक टोक ठिपक्याला आणि दुसरे टोक आट्यांना जोडलेले असते. एवढे लक्षात आले की कोडे सुटते. बल्बचा ठिपका सेलच्या टोपीवर टेकवावा, वायरचे एक टोक सेलच्या सपाट बुडाला दाबून धरावे आणि दुसरे बल्बच्या आट्यांना लावावे. बल्ब लागतो. सेल उलटा धरूनही तो लागतो, कारण या तारेतून धारा, म्हणजे विजेचा प्रवाह, कोणत्याही दिशेने गेली तरी ती सारखीच तापते. बल्ब २.५ व्होल्टचा असून त्याला १.५ व्होल्टच मिळत असल्याने प्रकाश पिवळसर आणि मंद असतो. त्याने गोंधळून जाऊ नये.

साध्या कोरड्या सेलमध्ये जस्ताचे भांडे हे ऋण टोक असते आणि मधल्या कार्बनच्या कांडीवर बसवलेली टोपी हे धन टोक. कांडीभोवती मँगनीज डायऑक्साइडचा काळा लगदा असतो. जस्ताचे अणू इलेक्ट्रॉन मागे सोडून ओलसर रसायनात उतरतात. ते इलेक्ट्रॉन सेलच्या आतून टोपीकडे जाऊ शकत नाहीत, म्हणून बाहेरची वाट मिळताच वायर आणि बल्बमधून फिरून टोपीपाशी येतात, आणि मँगनीज डायऑक्साइड त्यांना स्वीकारतो. सेल वापरताना जस्त खरोखरच झिजत जाते. जुना सेल गळून टॉर्चमधली पत्ती गंजते, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

बल्ब वीज ‘खाऊन टाकतो’ ही समजूत फार घट्ट रुजलेली आहे, आणि ती नुसत्या सांगण्याने जात नाही. म्हणून दोन्ही बल्ब एकामागे एक, म्हणजे एकसर जोडावेत. समजूत खरी असती, तर पहिल्याने बरीच धारा घेतली असती आणि दुसरा अधिक मंद दिसला असता. प्रत्यक्षात दोन्ही सारखेच मंद दिसतात, कारण दोहोंतून एकच धारा जाते. सायकलची साखळी डोळ्यांपुढे आणावी: पायडल दाबताच मागचे चाक फिरते, साखळी मात्र कोठेही संपत नाही, पोहोचते ते बळ. वायरमधील इलेक्ट्रॉनही सेकंदाला एक मिलिमीटरही पुढे सरकत नाहीत, पण सगळी वायर आधीपासूनच त्यांनी भरलेली असल्यामुळे बल्ब तत्काळ लागतो. बल्बमधली टंगस्टनची तार अतिशय बारीक असल्याने तिचा रोध, म्हणजे धारेला होणारा अडथळा, वायरपेक्षा कितीतरी अधिक असतो आणि म्हणून उष्णता तिच्यात निर्माण होते. टंगस्टन ३,४०० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतो, त्यामुळे ही तार लखलखीत तापूनही टिकते. फक्त तिला हवा लागू द्यायची नसते, नाहीतर ती जळून जाते.

एकसर जोडणीतील एक बल्ब काढला की दुसराही विझतो. गणपतीच्या आराशीतल्या जुन्या माळांचे दुखणे हेच होते: ६ व्होल्टचे ३८-४० बल्ब एकापाठोपाठ जोडून २३० व्होल्ट वाटून घ्यायचे, आणि एक गेला की सगळी माळ अंधारी. आता दोन्ही बल्बांचे ठिपके सेलच्या एका टोकाला आणि दोन्ही आटे दुसऱ्या टोकाला जोडून समांतर जोडणी करावी. प्रत्येकाला पूर्ण १.५ व्होल्ट मिळतात, दोघेही आधीच्या एकट्या बल्बाइतके उजळतात आणि एक काढला तरी दुसरा चालू राहतो. घरातले दिवे आणि पंखे असेच जोडलेले असतात. प्रत्येकाचे बटण तेवढे त्याच्याशी एकसर असते. सेल मात्र या जोडणीत सुमारे दुप्पट वेगाने उतरतो.

बल्ब लागलाच नाही, तर आधी त्यातील तार तुटली आहे का ते उजेडासमोर धरून पाहावे, मग वायरची टोके खरवडून स्वच्छ करावीत. त्यानंतरच सेलवर संशय घ्यावा. व्होल्ट मोजणाऱ्या मीटरवर १.४ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला आहे असे समजू नये. जुन्या सेलचा आतील रोध वाढलेला असतो, आणि बल्ब जोडताच त्याचा व्होल्टेज खाली येतो. म्हणून मीटरची टोके सेलला लावलेलीच ठेवून बल्ब जोडावा आणि त्या क्षणी आकडा किती घसरतो ते पाहावे.