सल्लागार नेमू की स्वतःच बघू? निदान या चुका टाळा

जुलैचा शेवटचा आठवडा आला की ऑफिसातली आणि सोसायटीतली मंडळी प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. मी साधा हिशेबनीस, सल्लागार नव्हे. पण रिटर्न भरून देताना पिशवीतून काय काय बाहेर पडतं ते बरीच वर्षं बघतोय. जाता जाता प्रश्नही ठरलेला: "पैसे कुणा जाणकाराच्या हाती द्यावेत की आपलं आपण बघावं?" विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तोवर कुठेतरी सही ठोकलेली असते.

फुकट सल्ल्याला फुकट समजणं

ही माझ्या डोक्यात जाणारी चूक, त्यामुळे जरा सविस्तर.

माझे मामा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. फंड, ग्रॅच्युइटी बँकेत जमा झाली आणि चौथ्या दिवशी बँकेतला एक गोड बोलणारा मुलगा घरी आला. "सर, एफडीसारखंच आहे, व्याज जास्त." मामांनी 3 लाखांचा चेक दिला. कंपनीचा फोन येईल, तेव्हा सगळ्याला नुसतं 'हो' म्हणा, असंही तो बजावून गेला. मास्तरांनी आयुष्यभर पोरांना प्रश्न विचारले आणि स्वतः मात्र पाच वेळा 'हो' म्हणाले.

ती दहा वर्षं हप्ता भरायची विमा पॉलिसी होती. दुसऱ्या वर्षी हप्त्याचा मेसेज आला तेव्हा मामांनी लाजेपोटी कुणाला न सांगता खरीखुरी एफडी मोडून आणखी 3 लाख भरले. तिसऱ्या वर्षी मला फोन. कपाटात शिधापत्रिकेखाली ठेवलेला बाँड, म्हणजे पॉलिसीचा कागद, काढायला लावला. पहिल्याच पानावर छापलं होतं: हप्ता वार्षिक, भरण्याची मुदत 10 वर्षे. पॉलिसी सोडली तेव्हा 6 लाखांचे हाती आले 1 लाख 80 हजार. मी म्हटलं, "मामा, तुम्ही विमा लोकपालाकडे तक्रार करा." तर म्हणाले, "नको रे, पोरगा चांगला होता, त्याची नोकरी जायची."

तो मुलगा सल्लागार नव्हता, विक्रेता होता. सल्लागार म्हणजे ज्याची सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी आहे आणि ज्याचा नंबर 'आयएनए'ने सुरू होतो तो. तो फी तुमच्याकडून घेतो आणि त्याला कमिशन घ्यायला मनाई असते. ज्याच्या कार्डावर 'एआरएन' नंबर असतो तो म्युच्युअल फंडाचा वितरक. त्याचं पोट कमिशनवर. यात पाप काही नाही, पण समोर कोण बसलाय ते कळायला हवं. माझी सवय अशी की चहा यायच्या आधीच विचारतो, "यात तुम्हाला किती सुटतात?" प्रामाणिक माणूस आकडा सांगतो. दुसरा हसून म्हणतो, "सर, तुमच्याकडून काहीच घेत नाही." तिथे मी चहा पिऊन उठतो.

विम्याचा बाँड हातात पडला की त्याच रात्री पहिलं पान वाचा. हप्ता किती, वर्षाला की एकदाच, आणि किती वर्षं. नको असेल तर पॉलिसी परत करायला मामांच्या वेळी बहुतेक ठिकाणी 15 दिवस मिळत. आता 30 मिळतात, तरी लोकांचे तेही कपाटातच जातात.

एक टक्क्याला 'एवढंसं' म्हणणं, किंवा त्यापायी रात्रीत सगळं उलथवणं

1 जानेवारी 2013 पासून म्युच्युअल फंडात डायरेक्ट प्लॅन मिळतो. फंड तोच, फक्त मधलं कमिशन नाही. ते वर्षाला एक टक्का धरा. महिना 10 हजारांची एसआयपी (दरमहा ठरलेली गुंतवणूक) 20 वर्षं 12 टक्क्यांनी वाढली तर साधारण 1 कोटी होतात, 11 टक्क्यांनी वाढली तर 87 लाख. परतावा कुणी लिहून देत नाही, हा फक्त गुणाकार आहे. सगळीकडे फरक पूर्ण एक टक्क्याचा असतो असंही नाही. तुमच्या वितरकाला किती रुपये मिळाले ते सहामाही एकत्रित स्टेटमेंटमध्ये छापलेलं असतं. आजवर एकानेही ते आपणहून वाचून माझ्याकडे आणलेलं नाही.

आता उलटी चूक. हा गुणाकार कुठेतरी पाहून आमच्या ऑफिसातल्या एका तरुणाने एका रात्रीत सगळे रेग्युलर (कमिशनवाले) फंड डायरेक्टमध्ये फिरवले. असं फिरवणं म्हणजे करखात्याच्या लेखी विक्री. त्याचे फंड शेअर्सचे (इक्विटी), म्हणून वर्षाच्या आतल्या युनिट्सच्या नफ्यावर 20 टक्के कर आणि वर एक्झिट लोड, म्हणजे लवकर पैसे काढल्याबद्दल फंड कापून घेतो ती रक्कम. वर्ष उलटलेल्यांवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा माफ, पुढे 12.5 टक्के. त्याने नुसत्या नव्या एसआयपी डायरेक्टमध्ये सुरू करून जुनं थोडं थोडं काढलं असतं तरी चाललं असतं. पण नवशिक्यांना सगळं रविवारी रात्री जेवणानंतर उरकायचं असतं.

'मला जमतं' हे बाजार चढत असताना ठरवणं

ही चूक माझी. 2020 च्या जानेवारीत सेन्सेक्स 42 हजारांच्या आसपास होता आणि मी स्वतःला जाणकार समजत होतो. 23 मार्चला तो 26 हजारांच्याही खाली बंद झाला. दुसऱ्या दिवशी मी तिन्ही एसआयपी थांबवल्या. नोव्हेंबरात सेन्सेक्स परत 42 हजारांवर गेला आणि मी डिसेंबरात, सगळं स्वस्त मिळायचे महिने सोडून, पुन्हा सुरू केल्या. फंड निवडायला मला सल्लागार नकोच होता. "गप बस, काही बंद करू नकोस" एवढं म्हणणारा कुणी हवा होता आणि त्याची फी मी आनंदाने दिली असती.

तेव्हापासून एक वही ठेवलीय. काही विकावंसं, थांबवावंसं वाटलं की तारीख घालून कारण लिहितो आणि आठ दिवस ॲप उघडत नाही. आजवरच्या अकरा नोंदींपैकी नऊवर काट मारलेली आहे. ही वही जमत नसेल तर खुशाल फी द्या. तुमचा वितरक पडत्या बाजारात आपणहून फोन करणारा असेल, तर त्याचं कमिशनही मला महाग वाटत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

चौदा फंड घेतले म्हणजे पैसा विभागला असं नाही. पाच लार्ज कॅप (बड्या कंपन्यांचे शेअर घेणारे) फंड उघडून बघा, आत त्याच बँका बसलेल्या असतात.

टेलिग्रामवरचा 'गुरू' हा सल्लागार नव्हे. आणि एफअँडओबद्दल (शेअर्सच्या पुढच्या भावावरचे फ्युचर्स-ऑप्शन्सचे सौदे): 2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत त्यात उतरलेल्या किरकोळ लोकांपैकी 93 टक्क्यांनी पैसे घालवले, असं सेबीनेच मोजून सांगितलंय. यावर माझ्याशी वाद घालायला येऊ नका.

गुंतवायची रक्कम सल्लागाराच्या स्वतःच्या खात्यात कधीही टाकू नका. ओटीपी तर भावालाही नको.

स्वतः बघणाऱ्यांची एक चूक मात्र मलाही उशिरा दिसली. गेल्या दिवाळीत फराळाचे डबे भरता भरता बायको म्हणाली, "उद्या तुम्हाला काही झालं तर हे सगळं मी कुठे शोधायचं?" सगळं माझ्या मोबाइलमध्ये होतं आणि त्याचा पासवर्ड माझ्या डोक्यात. त्याच रात्री एका कागदावर फोलिओ (म्युच्युअल फंडातलं खातं) नंबर, बँक, नॉमिनी असं लिहायला बसलो. अर्ध्या तासाचं काम म्हणून घेतलं, तीन तास लागले. एका जुन्या फोलिओवर नॉमिनी म्हणून अजून वडिलांचंच नाव निघालं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.